फुफाट्याचा इतिहास : यवतमाळच्या चुलीवरची मंद आच

१/
आगीतून उठून फुफाट्यात पडणे, ही म्हण मराठी माणूस संकटाच्या वेळी वापरतो. फुफाटा म्हणजे वरून विझलेली दिसणारी आणि आतून धगधगणारी राख. भाषेने तिला धोक्याची खूण मानले. स्वयंपाकघराने मात्र त्याच राखेच्या भरवशावर शतकानुशतके वरण शिजवले, दूध तापवले, रोडगे भाजले. यवतमाळ जिल्ह्यातील घरगुती स्वयंपाकाच्या आधारे या मंद आचेचा इतिहास मांडणारा हा धागा.

२/
सावकाश शिजलेल्या अन्नाविषयी आज बोलले जाते ते बहुधा चवीच्या अंगाने. निवांत रविवार, जाड बुडाचे पातेले, घरभर दरवळणारा वास. हा आनंद खरा आहे. परंतु मंद आच ही मुळात निवांतपणाची निर्मिती नव्हती. जळण किती आहे, कोणते आहे, ते कोणी आणायचे आणि घरातील स्त्रीला शेतावर किती वाजता पोहोचायचे, या प्रश्नांतून ती घडली. तिच्या इतिहासात कापूस आहे, जंगलाचे कायदे आहेत आणि १९३० चा एक सत्याग्रहही आहे.

३/
आरंभ फार मागे जातो. यवतमाळ जिल्ह्यातील बाभूळगाव तालुक्यात पाचखेड नावाचे गाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाने केलेल्या उत्खननात लोहयुगीन वस्ती उजेडात आली. घराच्या अवशेषांसोबत तेथे चूलही मिळाली. राजे, शिलालेख आणि नाणी यांच्या पुष्कळ आधी या भूमीत एक घर होते आणि त्या घरात विस्तव होता, एवढे त्या पुराव्यावरून निश्चित म्हणता येते.

४/
त्या विस्तवावर काय शिजत असावे, याचा एक धागा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात सापडतो. तुळजापूर गढी येथील ताम्रपाषाणयुगीन थरांत तुरीचे जळके दाणे मिळाले. भारतातील तुरीच्या अतिप्राचीन पुराव्यांत त्यांची गणना होते. वऱ्हाडी माणूस ज्या वरणाला जेवणाचा कणा मानतो, त्याचे बी या मातीत तीन सहस्रकांहून अधिक काळ रुजलेले आहे. तूर ही घाईने न शिजणारी वस्तू आहे. तिच्यासोबत सबुरीही तितकीच जुनी असणार.

५/
लिखित पुरावा बाराव्या शतकातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नाविषयी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मंद आचेवर डाळी शिजवण्याची कृती येते. हळद, हिंग, सैंधव ही आजच्या घरातलीच सामग्री तेथे भेटते. राजाच्या मुदपाकखान्यातील कृती ग्रंथात गेली. त्याच डाळी शिजवणाऱ्या सामान्य घरांतील कृती मात्र कोणी लिहिली नाही. ती शोधायची तर ग्रंथ बाजूला ठेवून चुलीच्या रचनेकडे पाहावे लागते.

६/
मातीची चूल हे साधे दिसणारे परंतु विचारपूर्वक घडवलेले साधन आहे. पुढे मुख्य तोंड, तेथे जाळ. तिच्या अंगाला जोडलेला वैल, जेथे जाळ पोहोचत नाही पण ऊब सतत येते. मागे भानवस, म्हणजे गरम भांडी व कोरडे सामान ठेवण्याचा ओटा. आणि चुलीच्या तोंडापुढे ओढलेले निखारे, ज्यांना खेड्यात आहार किंवा आर म्हणतात. एकाच जाळावर तीन-चार वेगवेगळ्या आचा मिळतात. बटन नसलेल्या काळातील हे नियंत्रण होते.

७/
म्हणून ज्या घरात भाकरी होत असे त्या घरात दुसरे काहीतरी आपोआप सावकाश शिजत असे. मुख्य तोंडावर तवा. तव्यावरून उतरलेली भाकर आहाराला टेकून फुगते. त्याच वेळी वैलावर तुरीची डाळ रटरटत असते. भाकऱ्या संपल्या की जाळ ओढून घ्यायचा, डाळीचा गंज निखाऱ्यांवर सरकवायचा, वर झाकणात थोडे पाणी ठेवायचे. तेच तापलेले पाणी पुढे डाळीत घालायचे, म्हणजे शिजण्याचा वेग मोडत नाही.

८/
यामागील शास्त्र आज सांगता येते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी शंभर अंशांच्या किंचित आधीच उकळते. उकळल्यानंतर जाळ कितीही वाढवला तरी पाण्याचे तापमान वाढत नाही, केवळ वाफ अधिक उडते. म्हणजेच उकळी आल्यानंतरचा मोठा जाळ हा वाया गेलेला जाळ. वैलावरची मंद आच तीच डाळ जवळपास तेवढ्याच वेळात, फार कमी जळणात शिजवते. अनुभवाने हे गणित सोडवले गेले होते.

९/
चिंच किंवा आमसूल शेवटी घालण्याची रीतही याच अनुभवातली. डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, त्यामुळे आधीच आंबट घातले की डाळ तासन्‌तास टणक राहते. क्षारयुक्त, जड पाण्याचेही तसेच. ज्या गावात दोन विहिरी असत तेथे ‘डाळ शिजणारी विहीर’ आणि ‘न शिजणारी विहीर’ असा भेद बायका करीत, तो अंधविश्वास नव्हता. ती रसायनशास्त्राची निरीक्षणे होती, फक्त कोणी वहीत नोंदवली नाहीत.

१०/
ज्वारीच्या कण्या हा दुसरा मंद आचेचा पदार्थ. ज्वारी जाडसर भरडायची, आधणात वैरायची, मीठ घालायचे आणि जाळ कमी करून ढवळत राहायचे. दाणा फुलतो, पाणी दाट होते, शेवटी ताक पडते. लहान मुले, आजारी माणसे, बाळंतिणी आणि ज्यांच्या घरी भाकरीपुरते पीठ नाही अशी माणसे, या सर्वांचे हे अन्न. थोड्या धान्यात अधिक पोटे भरण्याची युक्ती त्यात आहे. आज तिला पौष्टिक न्याहारी म्हणतात, एकेकाळी ती टंचाईची ओळख होती.

११/
दुधाचे तंत्र आणखी निराळे. सकाळचे दूध मातीच्या किंवा पितळी भांड्यात घालून गोवऱ्यांच्या राखेवर दुपारपर्यंत ठेवायचे. गोवरी जळते कमी, धुमसते अधिक. दूध उतू जात नाही, करपत नाही. हळूहळू त्याचा रंग बदामी होतो आणि वर जाड, पिवळसर साय धरते. त्या सायीचे दही, त्या दह्याचे लोणी, त्या लोण्याचे कढवलेले तूप. तूप घरात आले ते असे, राखेच्या मार्गाने. घाई केली असती तर साय धरली नसती.

१२/
या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे रोडगे. जाडसर कणीक घट्ट भिजवायची. छोट्या पोळ्या लाटून, मध्ये तुपाचा हात लावून, थरावर थर ठेवून त्यांचा गोळा वळायचा. मोकळ्या जागेत गोवऱ्या रचून पेटवायच्या. ज्वाला निघून गेली, गोवरी लाल होऊन राखेने पांढरी झाली, की गोळे त्यात पुरायचे. अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर काढून राख झटकायची, फोडायचे, तुपात भिजवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. यवतमाळ परिसरात रोडग्यांच्या पंगतीचे आमंत्रण आजही टाळले जात नाही.

१३/
रोडगा जुना आहे, याला साहित्याची साक्ष मिळते. सोळाव्या शतकातील संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडात सासुरवाशीण भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलते. ऐकणाऱ्याला रोडगा ठाऊक असल्याशिवाय त्यातील विनोद उभा राहत नाही. राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी ही रोडग्याची नात्यातली मंडळी. जेथे गुरे आहेत, गहू आहे आणि भांडी थोडी आहेत, तेथे राखेत भाजलेला गोळा जन्म घेतो. शंभर माणसांच्या रोडग्यांना तवा एकही लागत नाही.

१४/
विस्तव जपणे हेही एक काम होते. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची, सकाळी फुंकर घालून चूल पेटवायची. काडेपेटी स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध होण्यापूर्वी विस्तव विझला तर शेजारच्या घरून गोवरीच्या तुकड्यावर निखारा आणावा लागे. दोन घरांत वैर असेल तर हा व्यवहारही बंद. ‘त्यांच्यात विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार आजही आपण वापरतो. निखाऱ्याची देवाणघेवाण संपली, भाषेने तिची आठवण ठेवली.

१५/
परंतु निखारा सर्वांच्याच घरी जात नव्हता, हेही सांगायला हवे. अस्पृश्यतेच्या व्यवस्थेत पाण्याप्रमाणे विस्तवाचीही वाट अडवलेली होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. ते मराठीतील पहिले छापील पाककृतींचे पुस्तक मानले जाते. त्यानंतर अनेक पुस्तके आली, पण दलितांच्या आणि आदिवासींच्या चुलीवर काय शिजते याला त्यांत जागा नव्हती. मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाविषयी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक आले ते २०१५ मध्ये. मधली एकशे चाळीस वर्षे हीदेखील इतिहासाची नोंद आहे.

१६/
आता जळणाकडे वळू. यवतमाळच्या चुलीचे जळण शेतातून येई, आणि शेतात होता कापूस. वेचणी संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी आणि तुरीची झोडणी झाल्यावर उरलेली तुराटी घरामागे गंजी करून रचली जाई. तुराटीचा उपयोग कुडाच्या भिंतींनाही होई. ही दोन्ही जळणे भडकन पेटतात आणि लवकर विझतात. भाकरीला व भरिताची वांगी भाजायला ती उत्तम. मंद आचेसाठी मात्र गोवरी किंवा बाभळीचे लाकूड हवे, कारण त्यांचा निखारा टिकतो.

१७/
म्हणजे एका घरच्या स्वयंपाकाला दोन स्वभावांचे जळण लागे. भडक जाळ देणारे शेतातून, टिकाऊ निखारा देणारे गुरांकडून आणि रानातून. हा समतोल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलला. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सर्वांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली.

१८/
आजच्या यवतमाळ जिल्ह्याची प्रशासकीय घडणही याच काळातली. १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके एकत्र करून आग्नेय वऱ्हाडचा जिल्हा निर्माण झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. १९०५ मध्ये पुसद त्यात येऊन यवतमाळ जिल्हा हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची रेल्वे आली, तीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून लोकांच्या जिव्हाळ्याची झाली. तिचा मूळ हेतू कापूस वाहून नेणे हा होता.

१९/
कापूस वाढला तशी पडीक व चराईची जमीन लागवडीखाली गेली. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) या ग्रंथात कापसाची वाढ, सामाईक जमिनींचा ऱ्हास आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांची जोडणी दाखवली आहे. चुलीच्या भाषेत सांगायचे तर पऱ्हाटी वाढली आणि गोवरी महाग झाली. भडक जाळ स्वस्त, मंद निखारा दुर्मीळ. चराई गेली की गुरे घटतात, गुरे घटली की शेण घटते, आणि शेणावर शेत व चूल दोघांचाही हक्क असतो.

२०/
दुसरा घाव जंगलाच्या बाजूने. १८८६ च्या वऱ्हाड वन कायद्याने राखीव जंगलांवरील सरकारी नियंत्रण पक्के झाले. जंगलांचे वर्ग पाडले गेले. ‘अ’ वर्गात इमारती लाकूड व जळण, ‘ब’ वर्गात गवताची रमणे आणि बाभूळबने, ‘क’ वर्गात चराई. वर्गीकरण वाचताना लक्षात येते की सामान्य घराच्या स्वयंपाकाला लागणारी प्रत्येक गोष्ट त्यात कोठेतरी बसली आहे. जी वस्तू बाई डोक्यावर मोळी करून आणीत असे, तिच्यासाठी आता परवाना किंवा शुल्क, आणि ते नसेल तर दंड.

२१/
याच सुमारास जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडमधील कृषिरसायनतज्ज्ञ भारतीय शेतीच्या पाहणीसाठी आले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकरी अज्ञानामुळे शेण जाळतो, हा तेव्हाचा सरकारी समज. व्होल्कर यांनी तो खोडून काढला. लाकूड मिळत नाही म्हणून शेण जाळले जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि म्हणून जळण व चारा यांसाठी स्वतंत्र राखीव वने असावीत अशी शिफारस त्यांनी केली. शिफारस कागदावर भक्कम होती, खेड्यापर्यंत ती फारशी पोहोचली नाही.

२२/
साचलेला हा असंतोष १९३० मध्ये प्रकट झाला. मिठाचा सत्याग्रह देशभर सुरू होता, पण वऱ्हाडला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. पावसाळा आला आणि मार्ग बदलला. १० जुलै १९३० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. मूळचे वणीचे असलेले अणे यांना त्यासाठी कारावास झाला.

२३/
गवताची पेंढी हे प्रतीक नीट समजून घ्यावे. गवत म्हणजे गुरे. गुरे म्हणजे दूध, तूप, बैलजोडी आणि गोवरी. मीठ आणि गवत, सत्याग्रहाने निवडलेल्या या दोन्ही वस्तूंची वाट शेवटी स्वयंपाकघरात येऊन मिळते. आंदोलन विदर्भात आणि मध्य प्रांतात झपाट्याने पसरले. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद नेत्यांच्या नावांनी होते. रोजच्या जळणाची आणि चाऱ्याची ओढाताण सोसणाऱ्या घरांना मात्र कायदा का मोडला जात आहे, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२४/
चुलीकडे सुधारणेच्या दृष्टीनेही पाहिले गेले, आणि तेही जवळच. वर्धा येथील मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या पुढाकाराने चाललेल्या ग्रामोद्योगाच्या कार्यात धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ आकाराला आली. पुढे १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. याच दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया किती धूर श्वासावाटे घेतात याची मोजणी केली. निष्कर्ष धक्कादायक होते.

२५/
मंद आचेच्या गौरवात ही बाजू झाकता कामा नये. धुमसणारी गोवरी चवीला जितकी उत्तम तितकीच फुप्फुसाला घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील इंधनाच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. ज्या सायीची आठवण मुलगा आयुष्यभर काढतो, तिच्यासाठी आईचे डोळे रोज चुरचुरत होते. आस्वाद एकाचा आणि धूर दुसरीचा, ही वाटणी जुन्या स्वयंपाकघराची सर्वांत अप्रिय गोष्ट आहे.

२६/
म्हणूनच प्रेशर कुकर आला तेव्हा त्याचे स्वागत झाले. दाबाखाली वाफेत अन्न शिजवण्याचे यंत्र देनी पापँ याने १६७९ मध्येच दाखवले होते. भारतात देशी बनावटीचे कुकर १९५९ च्या सुमारास बाजारात आले आणि हळूहळू मध्यमवर्गीय घरांतून खेड्यांपर्यंत पोहोचले. कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, डाळ काही मिनिटांत शिजते. शाळेत, कार्यालयात, शेतात जाणाऱ्या स्त्रीला त्याने दिवसाचा एक तास परत दिला. वरणाची चव बदलल्याची तक्रार करणाऱ्यांत तो तास वाचलेल्या बायका थोड्याच होत्या.

२७/
गंमत अशी की जगात अन्यत्र उलट प्रवासही झाला. कलकत्त्याचे इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ तयार केला. तळाशी थोडे कोळसे, वर डबे, आणि माणूस कामावर. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये विजेवर चालणाऱ्या मंद आचेच्या भांड्याचे पेटंट मिळाले. त्यामागे एक आठवण होती : त्यांची आजी लिथुआनियातील गावात शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी भट्टीच्या उरलेल्या उबेत रात्रभर कडधान्याचा रस्सा ठेवत असे. वऱ्हाडातील वैल आणि ती भट्टी यांच्यामागचे तत्त्व एकच, उरलेली ऊब वाया घालवू नये.

२८/
यवतमाळमध्ये पुढचे बदल शेतातून आले. ‘सीएसएच-१’ ही संकरित ज्वारी १९६४ मध्ये आली. पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि अन्नधान्याची तूट भरून काढणे हे राज्यापुढील मोठे काम होते. उत्पन्न वाढले, पण ठेंगण्या संकरित वाणाचा कडबा कमी. पुढे सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, रानडुकरांच्या उपद्रवानेही ज्वारी मागे हटवली. कडबा नाही, म्हणून गुरे कमी. गुरे कमी, म्हणून गोवरी कमी. सोयाबीनचा भुसा चुलीच्या कामाचा नाही.

२९/
१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी अनेक गरीब घरांत प्रथमच पोहोचली. तरी कित्येक घरांत चूल पूर्णपणे विझलेली नाही. चहा, भाजी गॅसवर. आंघोळीचे पाणी, भाकरी आणि वेळ लागणारी डाळ चुलीवर. कारण सरळ आहे. सिलिंडर भरून आणायला रोख पैसे लागतात, पऱ्हाटीला लागत नाहीत. जे पदार्थ अधिक वेळ घेतात तेच गॅसवर परवडत नाहीत. मंद आचेचा आणि गरिबीचा जुना संबंध येथे पुन्हा डोके वर काढतो.

३०/
दरम्यान महामार्गांवर ‘चुलीवरचे जेवण’ अशा पाट्या लागल्या आहेत. शहरातील कुटुंबे गाडी थांबवून भाकरी, ठेचा, रस्सा खातात. एकेकाळी जी चूल मागासलेपणाची खूण होती तिच्यासाठी आता अधिक दर मोजले जातात. यात टिंगल करण्यासारखे काही नाही, चवीची ओढ प्रामाणिक आहे. मात्र पाटीमागच्या चुलीपुढे कोण बसले आहे, छपराला धुराडे आहे का, हे पाहणारा ग्राहक विरळा. इतिहास वाचलेल्याने ते पाहावे.

३१/
मंद आच घरी टिकवायची तर चूलच हवी असे नाही. जाड बुडाचे किंवा मातीचे भांडे, बारीक गॅस, आणि झाकणावर पाणी. डाळ आधी तासभर भिजवावी, एक उकळी आली की आच कमी करावी, चिंच शेवटी घालावी. उकळी आलेले भांडे जाड कापडात गुंडाळून पेटीत ठेवले तरी ते आतल्या उबेत शिजत राहते. पहिल्या महायुद्धात जळण वाचवण्यासाठी युरोपातील घरांनी गवत भरलेल्या पेट्या याच कामी वापरल्या होत्या. चव वैलावरची, धूर मात्र नाही.

३२/
आणखी एक बदल आवश्यक आहे. राखण केवळ एकीने करू नये. जुन्या घरात मंद आचेवरच्या भांड्याकडे लक्ष ठेवणे हे गृहीत धरलेले, न मोजलेले काम होते. आज रविवारी वरण दोन तास शिजणार असेल तर ते ढवळायला घरातील पुरुषानेही उठावे. रोडग्यांच्या पंगतीत हे पूर्वीपासून दिसते. तेथे गोवऱ्या रचणे, रोडगे पुरणे, राख झटकणे ही कामे बहुधा पुरुषच करतात, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

३३/
पाचखेडच्या चुलीपासून आजच्या बारीक गॅसपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. तुरीचा दाणा आपल्या गतीनेच मऊ होतो. बाकी सारे, म्हणजे जळण कोणाचे, रान कोणाचे, वेळ कोणाचा, धूर कोणाच्या वाट्याला, हे माणसांनी ठरवले आणि माणसेच ते बदलत आली. पुढच्या वेळी वरणावर तुपाची धार धरताना या फुफाट्याची आठवण ठेवावी. आणि घरात आजी असेल तर वैलावर काय शिजत असे, हे तिला विचारून लिहून ठेवावे. गॅझेटियरमध्ये ते सापडणार नाही.